राजीनामा एकाचा, बदल सगळ्या घराचा

‘काय करतेस सध्या?’

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, वैशालीत टेबलची वाट बघत उभं असताना... पुण्यात नवी ओळख झाली की तिसरा प्रश्न हाच. (पहिला नावाचा. दुसरा ‘राहायला कुठे?’ त्यावरून आपण गावातले की नदीपलीकडचे, ते ठरतं!) आणि आपली उत्तरंही ठरलेली. ‘हिंजवडीला आहे.’ ‘खराडीत असतो.’ गंमत बघा, काम काय करतो ते कुणीच सांगत नाही, ऑफिसचा पत्ता सांगतो. समोरच्याला तेवढं पुरतं. पगार अंदाजे किती, फ्लॅट बुक केलाय की नाही, लग्नाच्या बाजारात भाव काय... सगळा फॉर्म त्याचा तोच भरून टाकतो.

मी फ्रीलान्स पत्रकार. माझ्या उत्तरावर समोरचा दोन सेकंद थांबतो. मग काळजीनं विचारतो, ‘म्हणजे घरीच असतेस का?’

आता सवय झालीये. पण एक कळलंय, की नोकरी आपल्याला नुसता पगार देत नाही. ती नातेवाइकांना सांगायला एक वाक्य देते, बँकेला दाखवायला स्लिप देते, सकाळी नऊ वाजता घराबाहेर पडायचं कारण देते. म्हणून तर नोकरी बदलताना फारसं काही वाटत नाही, पण ‘लाइन’ बदलायची म्हटलं की पोटात गोळा येतो. आपण कोण, याचं उत्तरच बदलणार असतं ना!

सध्या माझ्या आजूबाजूला हा पोटातला गोळा घेऊन फिरणारे बरेच जण आहेत. कुणाला बेकरी काढायचीये, कुणाला गावाकडे जाऊन शेती बघायचीये, कुणाला शाळेत शिकवायचंय. कुणाला नेमकं काय करायचंय ते माहीत नाही, पण हे करायचं नाहीये, एवढं नक्की! शुक्रवारी रात्री यावर सॉलिड चर्चा होतात. ‘लाइफ एकदाच मिळतं यार’, ‘पॅशन फॉलो कर’, वगैरे. सोमवारी सकाळी सगळे पुन्हा भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये.

या गप्पांत एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. घरातल्या पोळ्या कोण करणार?

‘तू घरीच असशील ना!’

माझी एक मैत्रीण. आठ वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय. आता टीम लीड. नवराही आयटीतलाच. मुलगा चार वर्षांचा, सासूबाई सोबत राहतात. तिला मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन शिकायचंय. नवरा एकदम सपोर्टिव्ह. ‘अगं, कर की! मी कुठे नाही म्हणतोय?’ असं पहिल्या दिवशीच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घरातली वाक्यं बदलायला लागली. ‘मग पाळणाघर बंद करायचं का? तू घरीच असशील ना.’ ‘पोळ्यावाल्या मावशींना पुढच्या महिन्यापासून सांगून टाकू, तू घरीच असशील ना.’ ‘आईंच्या गुडघ्याचं फिजिओ सकाळी अकराला घेऊ. तू घरीच असशील ना.’ कुणीही वाईट हेतूनं बोलत नव्हतं. सगळे हिशेबच करत होते. एक पगार कमी होणार, तर खर्च कमी करायला हवा, हे बरोबरच आहे. पण त्या हिशेबात तिचा अभ्यास कुठे बसणार होता?

‘मला करिअर बदलायचं होतं,’ ती मला म्हणाली, ‘यांनी माझी बदली स्वयंपाकघरात केली.’

आणि हेच उलट करून बघा. समजा, तिच्या नवऱ्यानं राजीनामा देऊन फोटोग्राफी शिकायची ठरवली असती, तर? त्याला कुणी फिजिओच्या वेळा दिल्या नसत्या. त्याच्या वाट्याला वेगळं आलं असतं. ‘बायको कमावते आणि हा कॅमेरा घेऊन फिरतो’, ‘पुरुषासारखा पुरुष...’ म्हणजे बाईनं नोकरी सोडली की ती घराची होते आणि पुरुषानं सोडली की तो कुणाचाच राहत नाही. दोघांचेही जाम हाल!

हे काही फक्त आमच्या ग्रुपमधलं रडगाणं नाही. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे. माणसं दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची ती पाहणी. २०२४ च्या पाहणीत, घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. पुरुषांचा? ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. एक हाफ डे! ज्या घरात हा हाफ डे कुणाचा, हे न बोलताच ठरलेलं असतं, तिथे करिअर बदलायची मोकळीकही न बोलताच वाटली जाते.

बीजेचे तीन डॉक्टर

पुण्याला करिअर बदलण्याची गोष्ट नवी नाही. आणि सुरुवात अगदी ‘सेफ’ करिअरपासून करू. डॉक्टर! ससूनच्या शेजारचं बी. जे. मेडिकल कॉलेज आठवा. तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या तिघांची नावं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, पण डॉक्टर म्हणून नाही.

पहिले डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात प्रॅक्टिस, मग परदेशात पुढचं शिक्षण, टांझानियात नोकरी. १९६९ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी डॉक्टरी सोडली आणि पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आलं. एवढंच ऐकलं तर वाटतं, वा! काय उडी मारली! पण त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं विसरू नका. कॉलेजपासून ते नाटकं करत होते. भालबा केळकरांबरोबर पुण्यात पीडीए ही संस्था उभी करण्यात ते होते. म्हणजे उडी मारली ती ज्या पाण्यात वीस वर्षं पोहत होते, त्याच पाण्यात.

दुसरे डॉ. मोहन आगाशे. १९७२ मध्ये पीडीएनंच ‘घाशीराम कोतवाल’ केलं. त्यात नाना फडणवीस झाले ते आगाशे. नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल, तेही बीजेचेच, लहान मुलांचे डॉक्टर! आगाशे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी बीजेमध्ये शिकवलं, १९९० च्या दशकात पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी केली, नंतर फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि सिनेमा-नाटकंही करत राहिले. त्यांनी काहीच सोडलं नाही. ‘तुम्ही नक्की कोण? डॉक्टर की नट?’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर न देताही माणूस उत्तम जगू शकतो, याचं हे पुणेरी उदाहरण.

आणि तिसरे डॉ. अनिल अवचट. आपल्या विषयासाठी हे सगळ्यात महत्त्वाचे. एमबीबीएस झाले, पण दवाखान्याच्या पाटीत रमले नाहीत. बिहारच्या गरिबीवरचं ‘पूर्णिया’ हे त्यांचं पहिलं पुस्तक १९६९ चं. म्हणजे लागूंनी ज्या वर्षी डॉक्टरी सोडली, तेच वर्ष. पुढे हमाल, विडी कामगार, वाघ्या-मुरळी, अशा कुणी न विचारलेल्या माणसांमध्ये ते जाऊन बसले आणि लिहीत राहिले. आता मला सांगा, असल्या लिखाणावर घर चालतं का? फ्रीलान्सर म्हणून सांगते, नाही चालत!

ते चाललं, कारण घरात आणखी एक डॉक्टर होत्या. डॉ. सुनंदा अवचट, मनोविकारतज्ज्ञ. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्यांची सरकारी नोकरी. सुनंदाताईंनी नोकरी करायची, अनिल अवचटांनी लिहायचं, फिरायचं आणि मुलींकडे, स्वयंपाकाकडे बघायचं, असा त्यांच्या घराचा क्रम होता. काळ लक्षात घ्या. १९७० चं दशक! तेव्हा पुण्यातला शिकलेला पुरुष घरी राहून मुलींचं करतो, ही केवढी मोठी बातमी असेल!

पण पुढची गोष्ट आपण सांगायचीच विसरतो. या व्यवस्थेत सुनंदाताई फक्त ‘कमावणारी बायको’ राहिल्या नाहीत. ऐंशीच्या दशकात गर्दच्या व्यसनानं तरुण मुलं उद्ध्वस्त होत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले. आणि ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते वैद्यकीयदृष्ट्या पेललं सुनंदाताईंनी. म्हणजे आधी त्यांच्या नोकरीनं त्याचं लिखाण शक्य केलं आणि मग त्याच्या लिखाणातून त्यांच्या आयुष्याचं सगळ्यात मोठं काम उभं राहिलं. १९९७ मध्ये कॅन्सरनं त्या गेल्या. अनिल अवचट गेले २०२२ मध्ये. मुक्तांगण आजही सुरू आहे आणि त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम बघतात.

आता या तिघांना शेजारी ठेवून बघा. लागूंनी सोडलं, आगाशेंनी दोन्ही सांभाळलं आणि अवचटांनी घरातच कामं वाटून घेतली. आपल्या पार्ट्यांमध्ये फक्त पहिल्या गोष्टीला टाळ्या पडतात. माझ्या मैत्रिणीला खरी गरज आहे ती तिसऱ्या गोष्टीची. तिचा नवरा ‘हो’ म्हणाला, पण ‘मंगळवारी पोळ्या मी करेन’ असं म्हणाला नाही. ‘हो’ म्हणायला काही लागत नाही हो, मंगळवार द्यायला लागतो!

थकलोय की कंटाळलोय?

एक मिनिट. राजीनामा टाईप करायला घेण्याआधी एक गोष्ट तपासायची असते. आपण नक्की कशानं बेजार आहोत?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नीट व्याख्या केली. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणी साचलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असं ती सांगते. खुणा तीन. अंगातली ताकदच संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं आणि आपल्याकडून काहीच धड होत नाही असं वाटणं. हे तुमच्याबाबतीत होत असेल, तर कदाचित व्यवसाय नाही, कामाचे तासच बदलायला हवेत. तासांचा मुद्दा साधा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त, असं त्यात दिसलं. तेव्हा ‘मी तर रात्री अकरापर्यंत ऑनलाइन असतो’ हे मिरवणं बंद करा, प्लीज.

पण समजा, सुट्टीतही बरं वाटत नाहीये. गाणं नको, मित्र नकोत, आवडती मिसळही नको, झोपेचं गणित बिघडलंय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. मग हा विषय नोकरीचा राहत नाही. आधी डॉक्टरांकडे जा, राजीनामा नंतर. डिप्रेशनमध्ये घेतलेला मोठा निर्णय बऱ्याचदा डिप्रेशननंच घेतलेला असतो. कुणाशी बोलावं कळत नसेल, तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा मोफत नंबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि नुसता कंटाळा असेल तर? तर उत्तमच! कंटाळा ही निरोगी गोष्ट आहे. काहीतरी नवं हवंय, एवढंच तो सांगतो. त्यासाठी घर हादरवायची गरज नसते. अनिल अवचट लिहीत होते, तसेच लाकडात कोरीवकाम करत होते, ओरिगामी करत होते, बासरी वाजवत होते. यातल्या कशाचंच व्हिजिटिंग कार्ड नव्हतं. आपण मात्र सगळी ओळख एका नोकरीत ठेवतो आणि तीच नोकरी मग नकोशी झाली की आपण स्वतःलाच नकोसे होतो. एखादी गोष्ट अशी हवी जिच्यात अप्रेझल नाही. हनुमान टेकडीवर सकाळी चालणारे ते आजोबा बघा. तिथे कुणीच कुणाला ‘कुठल्या कंपनीत?’ विचारत नाही, ‘काल आला नाहीत?’ एवढंच विचारतात.

निघण्याआधी घरात एवढं करा

• आठवडाभराची कामं लिहून काढा. दोघांनी, वेगवेगळ्या कागदांवर. फक्त धुणं-भांडी नको, लक्षात ठेवायची कामंही. सिलिंडर बुक करणं, मुलाची लस, सोसायटीचा मेंटेनन्स, आत्याच्या नातवाच्या बारशाचा आहेर. मग कागद अदलाबदल करून वाचा. बऱ्याच गोष्टी त्याच मिनिटाला कळतील.

• महिन्याचा खरा खर्च काढा, हप्त्यांसकट. किती महिने एका पगारावर निघतील, तो आकडा दोघांनाही माहीत हवा. ‘होईल काहीतरी’ हा आकडा नाही.

• मेडिक्लेम आधी, राजीनामा नंतर. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते नोटिस पीरियडमध्येच विचारून घ्या.

• मुदत ठरवा. ‘एक वर्ष बघू’ असं म्हटलंत तर कॅलेंडरवर तारीख लिहा. त्या दिवशी दोघांनी बसायचं आणि चाललंय का ते बघायचं. मुदत असली की करणाऱ्याला धीर येतो आणि पगार आणणाऱ्याला आपण कायमचे अडकलो असं वाटत नाही.

• पाळी बदलायचं वचन द्या. आज तुझी, तीन वर्षांनी माझी. घरात एकालाच कायम पंख आणि दुसऱ्याला कायम हप्ते, असं नको.

• घरातल्या मोठ्यांना निर्णय सांगू नका, दिनक्रम सांगा. ‘मी शिकणार आहे’ हे त्यांना कळत नाही. ‘आई, दहा ते दोन मी दार लावून बसणार आहे, फोन आला तर तुम्ही घ्याल का?’ हे बरोबर कळतं. बऱ्याचदा त्या मदतच करतात.

तर, माझ्या त्या मैत्रिणीचं काय झालं? सिनेमासारखं काही नाही. तिनं अजून राजीनामा दिलेला नाही. पण फ्रिजवर एक कागद लागलाय. त्यावर मंगळवार आणि गुरुवारची सकाळ नवऱ्याच्या नावावर आहे, डबा आणि पाळणाघर दोन्ही. पहिल्या आठवड्यात मुलाच्या डब्यात दोन दिवस ब्रेड-जॅम गेला. सासूबाईंनी नाक मुरडलं, मग तिसऱ्या वेळी स्वतःच त्याला कणीक किती सैल भिजवायची ते दाखवलं. पोळ्यावाल्या मावशी कायम आहेत आणि फिजिओची वेळ संध्याकाळी गेलीये, ऑफिसमधून येताना आईंना नेणं हे आता मुलाचं काम. ती सध्या शनिवार-रविवारी एक छोटा कोर्स करतेय, हे काम झेपतंय का ते बघायला. एमएचा अर्ज पुढच्या प्रवेशाच्या वेळी भरणार आहे.

‘घाबरायला होतंय का गं?’ मी तिला विचारलं. ‘होतंय ना,’ ती म्हणाली, ‘पण आता घरात मी एकटी नाही घाबरत. दोघं घाबरतो.’

फ्रेंड्स, या रविवारी ब्रंच-बिंच राहू द्या. चहा टाका, दोन कागद घ्या, दोन पेनं घ्या. आणि एकटे राहत असाल, तर? कागद एकच घ्या, पण लिहाच. आई-बाबांना पाठवायचे पैसे, बहिणीची फी, रूमवरचं भाडं, कुणाचं काय तुमच्यावर अवलंबून आहे आणि तुम्ही कुणावर टेकला आहात, ते सगळं. राजीनाम्याचा मसुदा गुगलवर कधीही मिळेल. हा कागद मात्र ज्याचा त्यालाच लिहावा लागतो.